एका पांढऱ्या रेघेची कथा

२०२१ सालची गोष्ट. शुक्रवारची दुपार होती आणि माझ्या साडूभाऊंच्या घरी नेहमीप्रमाणे सर्व मंडळी जमली होती. साडूभाऊ तेव्हा बहात्तर वर्षांचे. जन्म ठाण्याचा, १९७३ साली बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन इस्राएलला आले, कारखान्यात तीस वर्षे नोकरी केली, आणि कधी साध्या तापाने सुद्धा अंथरूण धरले नाही. त्यांच्या हातात कुपत खोलीमच्या रक्ततपासणीचा कागद होता. सर्व आकडे ठीक होते. फक्त एका ओळीपुढे खूण केलेली होती. चाचणीचे नाव ए.एफ.पी., आकडा २,८६०, आणि शेजारी लिहिले होते की हा आकडा १० च्या आत असावा.

त्यांच्या धाकट्या सुनेने तो कागद पाहिला आणि ती म्हणाली, "अहो पप्पा, ही तर माझी टेस्ट! मला चौथा महिना संपला तेव्हा हीच केली होती. खेलबोन उबारी म्हणतात ती."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने साडूभाऊच हसले. "म्हणजे मला दिवस गेले की काय?" असे म्हणून त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी चाळीस वर्षे प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्या हाताळल्या असल्यामुळे आमच्या घराण्यात कोणाचाही रिपोर्ट आला की तो शेवटी माझ्यापुढे येतो. मला मात्र हसू आले नाही. पंधरा दिवसांत स्कॅन झाला आणि यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, गाठ दिसली.

सूनबाईचे म्हणणे खरे होते. हिब्रू भाषेत 'खेलबोन उबारी' म्हणजे गर्भाचे प्रथिन. गर्भवती स्त्रीच्या रक्तात जे प्रथिन मोजतात तेच बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या रक्तात का मोजावे? आणि त्या एका आकड्यावरून डॉक्टर उपचाराचे फळ कसे सांगतात? तेव्हा घरच्यांनी मला हे पुन्हा पुन्हा विचारले. त्याचे उत्तर थोडे लांबचे आहे. ते सवडीने सांगावे म्हणून हा लेख.

पहिली खूण

शरीरात लपलेल्या कर्करोगाची बातमी शरीरातील द्रवातून मिळू शकते ही कल्पना फार नवी नाही. १८४५ साली लंडनमध्ये एक किराणा मालाचा व्यापारी हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या लघवीत एक चमत्कारिक पदार्थ होता. तो उकळला की विरघळे आणि थंड झाला की पुन्हा घट्ट होऊन खाली बसे. त्याच्या डॉक्टरांनी तो नमुना हेन्री बेन्स जोन्स नावाच्या रसायन जाणणाऱ्या वैद्याकडे पाठवला. बेन्स जोन्स यांनी तो तपासून १८४७-४८ मध्ये त्यावर लिहिले, आणि पुढच्या रुग्णांमध्ये हा पदार्थ शोधावा असे सुचवले. व्यापारी वाचला नाही. परंतु हाडांच्या मज्जेच्या कर्करोगाची ती खूण आजही 'बेन्स जोन्स प्रथिन' या नावाने ओळखली जाते. अशा पदार्थांना आज ट्यूमर मार्कर म्हणतात, म्हणजे गाठीची खूण सांगणारे द्रव्य.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. यकृताच्या कर्करोगाची खूण मात्र कोणाला सापडली नव्हती. हा रोग कपटी आहे. यकृत मोठे, सोशिक आणि मुकाट्याने काम करणारे. गाठ बरीच वाढेपर्यंत ते तक्रार करीत नाही, आणि तक्रार करते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मॉस्को आणि ॲस्ट्राखान

१९५६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रांड आणि झार या दोन संशोधकांना मानवी गर्भाच्या रक्तात एक नवे प्रथिन दिसले. मोठ्या माणसांच्या रक्तात ते दिसत नव्हते. गर्भाचे यकृत आणि गर्भाभोवतीची एक पिशवी ते तयार करतात. बाळ जन्मले की ते झपाट्याने उतरू लागते आणि वर्षभराच्या सुमारास जवळजवळ नाहीसे होते. पुढे त्याला 'आल्फा-फीटोप्रोटीन' असे नाव मिळाले. ए.एफ.पी. म्हणतात ते हेच. त्या वेळी त्याचा कर्करोगाशी काही संबंध असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

तो संबंध मॉस्कोमध्ये सापडला. तेथील गमालेया संस्थेत लेव्ह झिलबर यांचा विभाग होता. झिलबर ज्यू कुटुंबात जन्मलेले, विषाणूंचे मोठे जाणकार. १९३७ साली रशियाच्या अतिपूर्वेकडील जंगलात मोहीम नेऊन त्यांनी गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराचे कारण शोधले, आणि त्याच वर्षी स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडले. त्यांना एकूण तीन वेळा अटक झाली. १९४४ मध्ये ते सुटले आणि पुन्हा कर्करोगाच्या कामाला लागले. त्यांच्या हाताखाली गारी अबेलेव्ह नावाचा तरुण संशोधक होता, जन्म १९२८ चा. रशियन रिवाजाप्रमाणे त्याच्या नावात वडिलांचे नाव येई: गारी इझ्राइलेविच, म्हणजे इस्राएलचा मुलगा गारी.

त्यांचे साधन अगदी साधे होते. रोश हशानाचा हलवा करताना गव्हाचा चीक काढायला वेळ नसला की आपल्या बायका चायना ग्रास वापरतात, ती वस्तू आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिचे शास्त्रीय नाव आगर. स्वीडनचे उख्तरलोनी यांनी १९४८ च्या सुमारास एक युक्ती काढली होती. काचेवर आगरचा पातळ थर ओतायचा, त्यात लहान लहान खळगे पाडायचे, एका खळग्यात रक्तद्रव आणि दुसऱ्यात प्रतिपिंड घालायचे. दोन्ही हळूहळू आगरमध्ये पसरतात. एकमेकांची ओळख पटली तर मधोमध एक पांढरी रेघ उमटते. नाही पटली तर काही उमटत नाही. अशा काचा मीही उमेदवारीच्या काळात पुष्कळ ओतल्या आहेत. सकाळी प्रयोगशाळेत शिरताच दिव्यासमोर काच धरून रेघ शोधायची आणि ती दिसली की अंगावर काटा यायचा, हे मला अजून आठवते.

अबेलेव्ह आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या यकृताच्या गाठींवर काम करीत होते. १९६३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की या गाठी एक असे प्रथिन तयार करून रक्तात सोडतात, जे निरोगी मोठ्या उंदरात नसते, पण उंदराच्या गर्भात आणि नवजात पिलात असते. म्हणजे कर्करोगाची पेशी आपले वय विसरते. गर्भात असताना जे काम केले ते म्हातारपणी पुन्हा करू लागते. सूनबाईच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. गर्भाच्या यकृताचे प्रथिन आईच्या रक्तात उतरते म्हणून तिची चाचणी करतात, आणि यकृतातील गाठ तेच प्रथिन पुन्हा तयार करते म्हणून सासऱ्याची.

उंदरांचे माणसाला लागू पडेल काय? व्होल्गा नदी कास्पियन समुद्राला मिळते तेथे ॲस्ट्राखान शहर आहे. तेथील युरी तातारिनोव्ह यांनी १९६४ साली यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात हेच गर्भप्रथिन सापडल्याचे जाहीर केले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, जेथे हा रोग फार होता त्या आफ्रिकेतील रुग्णांचे रक्तही तपासण्यात आले आणि तेथेही पांढरी रेघ उमटली. रशिया आणि पश्चिमेचे देश एकमेकांकडे बंदुका रोखून बसले होते त्या काळात ही एक रेघ दोन्हीकडच्या डॉक्टरांनी मान्य केली, ही मोठी गोष्ट होती.

दुसरी रेघ

आता एक विलक्षण योगायोग. मॉस्कोमध्ये उंदरांचे काम चालू होते त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. बारूख ब्लूमबर्ग अशाच आगरच्या काचांवर जगभरातील लोकांचे रक्त तपासून पाहत होते. हे लहानपणी ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश येशिवात शिकलेले. त्यांना आणि डॉ. हार्वे ऑल्टर यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवापुढे एक अनोळखी रेघ दिसली. तिला त्यांनी 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' म्हटले आणि १९६५ मध्ये तो शोध प्रसिद्ध केला. काही वर्षांत उलगडा झाला की ती रेघ कावीळ करणाऱ्या एका विषाणूची आहे. त्याचे नाव हिपॅटायटिस बी. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एक रेघ रोगाची खूण सांगत होती, दुसरी त्याच रोगाचे एक मोठे कारण. पण हे नाते सिद्ध व्हायला १९८१ उजाडले. तैवानमध्ये डॉ. बीस्ली यांनी २२,७०७ सरकारी नोकरांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील ४१ जण यकृताच्या कर्करोगाने गेले, आणि त्या ४१ पैकी ४० जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू आधीपासून वस्तीला होता. इतका स्पष्ट हिशेब वैद्यकशास्त्रात क्वचितच मिळतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस देण्यास आरंभ केला आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग दहा वर्षांत निम्म्यावर आला. कर्करोग रोखणारी ही पहिली लस. आपल्या इस्राएलमध्ये १९९२ पासून प्रत्येक नवजात बाळाला ही लस मिळते.

रेघेचा आकडा होतो

पांढऱ्या रेघेची एक अडचण होती. रक्तद्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये काही हजार नॅनोग्रॅम प्रथिन असेल तरच ती डोळ्यांना दिसे. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. त्यामुळे रेघ उमटेपर्यंत गाठ बहुधा मोठी झालेली असे. शिवाय रेघ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगे. किती आहे, वाढते आहे की उतरते आहे, याचा पत्ता नसे.

ही अडचण न्यूयॉर्कमध्ये आधीच सुटत आली होती. ब्रॉंक्समधील माजी सैनिकांच्या इस्पितळात डॉ. सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्याच्या मदतीने रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालोबाईंना १९७७ साली नोबेल मिळाले. हीच पद्धत ए.एफ.पी. ला लावण्याचे काम हेलसिंकीच्या रुओस्लाहती आणि सेप्पाला यांनी केले. १९७१ मध्ये त्यांना आढळले की निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तातही हे प्रथिन असते, मात्र अगदी चिमूटभर, मिलिलीटरमागे थोडेच नॅनोग्रॅम.

आता रेघेच्या जागी आकडा आला, आणि आकडा आला की त्याची उतरण-चढण मोजता येते. १९७० च्या दशकातच डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रक्त घेऊन आकडे मांडायला सुरुवात केली. ए.एफ.पी. रक्तात साधारण पाच दिवसांत निम्मे होते. समजा, शस्त्रक्रियेच्या दिवशी आकडा ६,४०० आहे आणि गाठ पूर्णपणे निघाली. पाच दिवसांनी ३,२००, दहा दिवसांनी १,६००, पंधरा दिवसांनी ८००. अशा रीतीने दीड महिन्यात तो १२ च्या आसपास यायला हवा. तसा आला तर सर्जनचे काम साफ झाले असे समजावे. मध्येच ४०० वर अडकून बसला, तर कोठेतरी गाठीचा अंश उरला आहे आणि तो अजून प्रथिन बनवतो आहे असा संशय येतो. हिशेब शाळेच्या मुलाला जमेल इतका सोपा, पण पोट पुन्हा न उघडता आत काय उरले आहे याची बातमी तो देतो.

आकडा आणि उपचार

यकृताच्या कर्करोगात शस्त्रक्रिया प्रत्येकाला करता येत नाही. १९९६ साली इटलीतील मिलान शहरच्या डॉ. मात्सफेरो यांनी दाखवले की गाठ एकच आणि पाच सेंटिमीटरच्या आत असेल, किंवा फार तर तीन गाठी आणि त्यातील प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर यकृत बदलण्याचा फायदा चांगला होतो. त्यांचे माप सेंटिमीटरचे होते. परंतु एकाच मापाच्या दोन गाठींपैकी एक गरीब निघते आणि दुसरी चवताळलेली. २०१२ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी या मापाला ए.एफ.पी. ची जोड दिली. १०० आणि १,००० हे त्यांचे टप्पे. अमेरिकेत २०१७ पासून असा नियम आला की ज्याचा आकडा १,००० च्या वर आहे त्याला आधी इतर उपचार द्यावेत, आणि आकडा ५०० च्या खाली उतरला तरच नव्या यकृताच्या रांगेत नेहमीचे प्राधान्य द्यावे. दान मिळालेले यकृत कोणाला द्यावे या नाजूक प्रश्नात अशा प्रकारे एका रक्तचाचणीला मत मिळाले.

ज्यांना शस्त्रक्रिया नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत औषध सोडतात आणि ती वाहिनी बंद करतात. साडूभाऊंवर प्रथम हाच उपचार झाला. २००९ साली शिकागोच्या डॉक्टरांनी अशा स्थानिक उपचारानंतरचे आकडे तपासले. ज्यांचे ए.एफ.पी. निम्म्याहून खाली आले ते इतरांपेक्षा अधिक जगले. त्याच वर्षी हाँगकाँगहून बातमी आली की इंजेक्शनच्या औषधांच्या पहिल्या फेऱ्यांनंतर ज्यांचा आकडा २० टक्के किंवा अधिक उतरला त्यांचे मध्यमान आयुष्य साडेतेरा महिने होते, ज्यांचा उतरला नाही त्यांचे साडेपाच महिन्यांच्या आसपास.

'मध्यमान' या शब्दाचा अर्थ येथे सांगितला पाहिजे, कारण घरोघरी त्याचा घोटाळा होतो. मध्यमान साडेतेरा महिने म्हणजे डॉक्टरांनी साडेतेरा महिन्यांची मुदत लिहून दिली असे नव्हे. निम्मे रुग्ण त्यापेक्षा कमी जगले, निम्मे त्यापेक्षा अधिक, एवढाच त्याचा अर्थ. आपला माणूस कोणत्या निम्म्यात आहे हे तो आकडा सांगत नाही.

पुढे एक पाऊल आणखी पडले. रॅमुसिरुमॅब नावाचे औषध सर्व रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा ते नापास झाले. पण ज्यांचे ए.एफ.पी. ४०० किंवा अधिक होते त्यांना थोडा लाभ झालेला दिसला. म्हणून केवळ अशाच २९२ रुग्णांवर नवी परीक्षा घेतली आणि २०१९ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य साडेआठ महिने, न घेणाऱ्यांचे ७.३ महिने. लाभ लहान आहे, तो मोठा करून सांगू नये. तरी यकृताच्या कर्करोगात रक्तातील खुणेवरून रुग्ण निवडून मान्य झालेले ते पहिले औषध होते.

त्याच सुमारास शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना जागे करणारी औषधेही आली. त्यातील एका औषधाची दुसऱ्या औषधाबरोबरची जोडी दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. तिचा गुण कोणाला येईल? २०२२ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह एक सोपा हिशेब मांडला. ए.एफ.पी. १०० किंवा वर असेल तर एक गुण. शरीरातील दाह दाखवणारे सी.आर.पी. डेसिलीटरमागे एक मिलिग्रॅम किंवा वर असेल तर एक गुण. ज्यांचे गुण शून्य त्यांचे मध्यमान आयुष्य सुमारे २७ महिने, एक गुण असणाऱ्यांचे ११, दोन गुण असणाऱ्यांचे ६ महिने. शाळेत अधिक गुण मिळाले की पेढे वाटतात, येथे शून्य मिळाले की वाटावेत. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की ही औषधांची जोडी सुरू केल्यावर सहा आठवड्यांत ए.एफ.पी. ७५ टक्क्यांनी उतरले तर गुण येण्याची आशा अधिक.

आकड्याची उणी बाजू

इतके वाचून कोणी असे समजू नये की ए.एफ.पी. हा अचूक साक्षीदार आहे. लहान गाठी असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचा आकडा अगदी नॉर्मल असतो. त्यांची गाठ हे प्रथिन बनवतच नाही. उलट कावीळ उसळली, यकृताला सूज आली, तर कर्करोग नसतानाही आकडा चढतो. यामुळे तज्ज्ञांचे मत लंबकासारखे हलत राहिले. अमेरिकेच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये नियमित देखरेखीतून ही चाचणी वगळली, २०१८ मध्ये 'हवी तर करा' म्हटले, आणि २०२३ मध्ये सोनोग्राफीच्या जोडीला ती पुन्हा मानाने आणून बसवली.

दरम्यान या साक्षीदाराला सोबती शोधले गेले. जपानमध्ये असे आढळले की कर्करोगाच्या पेशीतून आलेल्या ए.एफ.पी. वर साखरेची एक वेगळी शेपटी असते, आणि आपल्या स्वयंपाकघरातील मसुराच्या दाण्यातून काढलेले एक प्रथिन नेमके तिलाच चिकटते. या भागाला एल-३ म्हणतात. १९८४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी रक्त गोठवणाऱ्या द्रव्याचे एक अर्धवट घडलेले रूप या रोगात वाढते असे दाखवले, त्याला डी.सी.पी. किंवा पिव्का म्हणतात. २०१४ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी या तिन्ही खुणा, रुग्णाचे वय आणि तो पुरुष की स्त्री, असे पाच धागे एकत्र विणून 'गॅलाड' नावाचा हिशेब तयार केला. एकाची साक्ष कच्ची असली तरी तिघे एकच गोष्ट सांगू लागले की तिला वजन येते.

साडूभाऊंची वही

साडूभाऊ कारखान्यात हजेरीच्या वह्या ठेवीत असत. आजारपणातही त्यांनी एक वही केली. डावीकडे तारीख, उजवीकडे ए.एफ.पी. पहिल्या उपचारानंतर २,८६० चे ९३० झाले, मग ३४०. घरात आनंदीआनंद. फोनवर तब्येतीआधी आकडा विचारला जाऊ लागला, जणू क्रिकेटचा स्कोअर. नंतर ३१०, ३६५, ५२०. स्कॅनमध्ये काही बदल नाही असे लिहिलेले होते. तेव्हा आमच्यातील निम्मे म्हणू लागले की स्कॅन चांगला आहे ना, मग आकड्याकडे बघू नका. आणि निम्म्यांनी त्या रात्री जेवण सोडले. मी त्यांना एवढेच सांगितले की एका आकड्याला भिऊ नका, पण तीन आकडे एकाच दिशेला चालले असतील तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. दोन महिन्यांनी स्कॅनमध्ये दुसरी गाठ दिसली. औषधांची जोडी सुरू झाली तेव्हा आकडा १,४८० होता. सहा आठवड्यांनी तो २६० झाला.

त्यानंतर ते एकवीस महिने जगले. ज्या नातवासाठी सूनबाईची खेलबोन उबारी झाली होती, तो त्यांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा ओढू लागला. अखेरच्या तीन महिन्यांत त्यांनी स्वतःच वहीत लिहिणे थांबवले. "आता ह्याचे काम झाले," असे म्हणून ती माझ्या हाती दिली. ती माझ्याकडे आहे.

वहीपेक्षा मोठी एक गोष्ट त्यांनी मागे ठेवली. उपचाराच्या आरंभीच कळले की त्यांना हिपॅटायटिस बी होता, बहुधा बालपणापासून, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. हा विषाणू बहुतेकदा आईकडून बाळाला किंवा रक्तातून, सुईतून जातो. आपल्या पिढीचे बालपण कोकणातील गावांत आणि मुंबई-ठाण्याच्या चाळींत गेले. एकच सुई उकळून अनेकांना टोचण्याचा तो काळ होता, आणि लस तर नव्हतीच. १९९२ नंतर येथे जन्मलेली मुले सुरक्षित आहेत. त्यांचे आजी-आजोबा त्या यादीत नाहीत. डॉक्टरांनी घरातील सर्वांचे रक्त तपासायला सांगितले. साडूभाऊंच्या धाकट्या बहिणीच्या रक्तात तोच विषाणू निघाला. त्यांना काही त्रास नव्हता. आता त्या रोज एक गोळी घेतात आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व ए.एफ.पी. करून येतात. त्यांच्या कागदावर आकडा ४ असतो. तो कागद घेऊन त्या मुद्दाम माझ्याकडे येतात, चहा घेतात, आणि भावाची आठवण काढून जातात.

वाचकहो, ही सारी कथा सांगण्यामागे माझा हेतू एकच आहे. घरात असा कागद आला तर एका आकड्यावरून कोणाचे आयुष्य मोजू नका. मागचे आकडे शेजारी मांडून दिशा पाहा, स्कॅन पाहा, आणि डॉक्टरांना न लाजता विचारा. आणि ज्यांच्या घरी असा कागद अजून आलेला नाही त्यांनी पुढच्या वेळी कुपत खोलीममध्ये जाल तेव्हा हिपॅटायटिस बी ची तपासणी मागून घ्या. एका लहान बाटलीभर रक्ताचे काम आहे. सोबत आपल्या वडीलधाऱ्यांनाही घेऊन जा.